दान किती वर्षांचे असावे?

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा संपादित मजकूर)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी विस्ताराने घेतला आहे. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग कसा व्हावा, यावर सध्या विचारविनिमय चालू आहे. त्या संदर्भात चार शब्द बोलावेत, असे मला सुचविण्यात आले. प्रशस्त सभागृह बांधावे, असा एक विचार आहे. गरजू मुलांचे शिक्षण आणि तालुक्यातील तलावांचे काम हाती घ्यावे, असा दुसरा. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपल्याला बालपणापासून ठाऊक आहेत. पहिली दोन आपण मुक्तहस्ते करतो. कोठे पूर आला, की त्याच संध्याकाळी आपल्या घरांतून पोळ्यांचे डबे निघतात. उरलेल्या दोन दानांना मात्र एक संध्याकाळ पुरत नाही. अभय म्हणजे केवळ जीवदान नव्हे. उद्या आपले काय होईल, ही धास्ती ज्याच्या मनातून गेली, त्याला अभय मिळाले, असे मी मानतो. आणि त्याला वर्षे लागतात.

१९९३ साली अनंत चतुर्दशीला दशलक्षण पर्वाची सांगता झाली आणि त्याच रात्री, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारी परिसरात धरणीकंप झाला. हजारो माणसे घरांच्या दगडमातीखाली गेली. मदतीचा ओघ साऱ्या देशातून आला. धान्य आले, कपडे आले. कपडे तर इतके, की त्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. भारतीय जैन संघटनेचे संस्थापक श्री. शांतिलाल मुथ्था यांनी या गर्दीत निराळा प्रश्न विचारला : या मुलांचे पुढे काय? सुमारे १२०० मुले पुण्यास आणली गेली आणि त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी संघटनेने पत्करली. पुढे वाघोली येथे त्यासाठी शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्प उभा राहिला. ती मुले मोठी होऊन बाहेर पडल्यावरही तो बंद झाला नाही. मेळघाटातील आदिवासी मुले तेथे आली, आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुले आली. यांत जैन मुले किती होती, हा हिशेब कोणी मांडला नाही, हे मला विशेष वाटते.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. कुंभोज म्हटले, की आपल्याला बाहुबली क्षेत्र आठवते. त्याच कुंभोजला १८८७ साली एका जैन कुटुंबात भाऊराव पाटील जन्मले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले आणि सर्व जातींची मुले एका पंगतीला बसविली. त्या वसतिगृहात धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. इमारतीला देणगीदार मिळतो, त्याच्या नावाची संगमरवरी पाटी लागते. रोजच्या भाकरीला पाटी लावता येत नाही, म्हणून तिला देणगीदार मिळत नाही. आपल्या वार्षिक अहवालांची पाने चाळली, तरी हेच दिसेल.

आता पाण्याविषयी. तलावातील गाळ काढण्यास आपल्यातील काही ज्येष्ठांचा आक्षेप आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. पृथ्वीकाय आणि अप्काय जीवांचा विचार करणारी आपली परंपरा आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत जमीन फोडणे येते, तलाव शोषून कोरडे करणेही येते. परंतु ती कर्मादाने उपजीविकेच्या व्यवसायांसंबंधी आहेत. शिवाय येथे आपण तलाव शोषीत नाही. वैशाखात जो आधीच आटला आहे, त्याला पुन्हा पाणी धरण्याजोगे करतो. यात आरंभी हिंसा आहे, संकल्पी नाही. गावची जनावरे तहानेने दावणीला मरू देणे, हे मात्र मला कोणत्याही अणुव्रतात बसविता येत नाही. महाराजसाहेबांचे मार्गदर्शन घेऊनच पाऊल उचलावे, ही माझी विनंती आहेच.

कामाची पद्धत साधी आहे. २०१८ साली बुलढाणा जिल्ह्यात जैन संघटनेने शंभराहून अधिक यंत्रे पुरविली, इंधनाचा खर्च शासनाने केला आणि गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने आपापल्या शेतांत वाहून नेला. एक घनमीटर गाळ निघाला, की एक हजार लिटर पाण्याला जागा होते. आणि तोच गाळ मुरमाड रानावर पसरला, की तेथे पीक उभे राहते. एकट्या ट्रस्टला न पेलणारे काम तिघांत वाटले गेले. पण पाणलोटात बांधबंदिस्ती आणि झाडे नसतील, तर काही पावसाळ्यांत तलाव पुन्हा भरतो, तो गाळानेच. म्हणून येथेही एका उन्हाळ्याचे दान अपुरे आहे.

सभागृहाच्या पक्षातही मुद्दे आहेत. आपल्या मुलामुलींची लग्ने बाहेरच्या कार्यालयांत करावी लागतात. भाडे मिळाले, तर ट्रस्टला कायमचे उत्पन्न होईल. पण गावात कार्यालयांची वाण नाही आणि भाड्याचा पैसा बहुधा रंगरंगोटीतच जातो, असा अनेक संस्थांचा अनुभव आहे.

तेव्हा माझी सूचना अशी. निधीचे मुद्दल मोडू नये; त्याच्या व्याजावर जितक्या मुलांचा पाचवीपासून पदवीपर्यंतचा खर्च निश्चितपणे निघेल, तितकीच मुले घ्यावीत, मग ती चारच का असेनात. त्यांची निवड जातीवर नव्हे, गरजेवर व्हावी. तलाव एकच निवडावा आणि किमान पाच पावसाळे त्याची देखभाल करावी. मुलांची नावे अहवालात छापू नयेत, मंचावर बोलावून त्यांच्या हाती पाकिटे देऊ नयेत. देणगीदारांच्या पाटीचा आग्रह ज्यांना सोडवत नसेल, त्यांच्यासाठी तलावाच्या बांधावर एक दगड ठेवता येईल.

निर्णय विश्वस्त मंडळाचा आहे. सर्वसाधारण सभेपुढे हा विषय लेखी प्रस्तावाच्या रूपाने यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो. जय जिनेंद्र.