उघडणाऱ्याची पेटी

कागदावर काय लिहावं, यावर बोलायची मला सवय आहे. आज मात्र कागद ठेवावा कशात, यावर बोलणार आहे. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एक चूक करून शिकलो.

आमचं घर करमाडचं. औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, जालन्याच्या रस्त्यावर हे गाव आहे. घरात अब्बांची हिरवी पत्र्याची पेटी होती. पलंगाखाली, दोन विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब. आत लाल सुती कापडात बांधलेले कागद. आम्हा पोरांना तिला हात लावायची मनाई. वर्षातून एकदा, मे महिन्यात, अब्बा ती अंगणात सावलीला उघडत. बाजेवर कागद पसरत, झटकत, कडुलिंबाचा वाळलेला पाला बदलत आणि पुन्हा बांधून ठेवत. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचा छंद आहे.

त्यात दोन कागद मोलाचे होते. एक दादाजींच्या शेताचं खरेदीखत, फसली 1350 सालचं, म्हणजे साधारण 1940-41चं. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू आणि साल फसली. त्यामुळं मराठवाड्यात कुठल्याही जातीधर्माच्या घरात जुना कागद निघाला, तर तो उर्दूत असण्याचा संभव मोठा. दुसरा कागद म्हणजे वहीचं एक साधं पान. त्यावर अब्बांनी फाउंटन पेननं आम्हा भावंडांच्या जन्मतारखा लिहिल्या होत्या. मोठी आपा घरीच जन्मली. तिची नोंद दुसरीकडं कुठंच नव्हती.

अब्बा गेले आणि किल्ली माझ्याकडं आली. मी बी.ए. झालेला, शहाणा माणूस. ते जुनं कापड मला गबाळं वाटलं. 2005च्या पावसाळ्यात मी सगळे कागद प्लास्टिकच्या जाड पिशवीत घातले, मेणबत्तीवर पिशवीचं तोंड चिकटवलं आणि पेटी पत्र्याखालच्या माळ्यावर टाकली. आता पाण्याचा थेंब आत जायचा नाही, म्हणून निर्धास्त झालो.

2012 साली पेटी उघडली. बाहेरून पाणी गेलंच नव्हतं. पाणी आतच होतं. पावसाळी हवेतली ओल कागदात मुरलेली होती, ती मी पिशवीत कोंडली होती. माळ्यावर दिवसा पत्रा तापायचा, रात्री निवायचा. तापला की कागदातली ओल सुटायची, निवला की पिशवीच्या आत दव धरायचं. सात वर्षं हे चाललं. खरेदीखत डागाळलं, पण वाचता येत होतं, कारण ते जुन्या काजळाच्या शाईत लिहिलेलं होतं. काजळी पाण्यात विरघळत नाही. फाउंटन पेनची शाई विरघळते. अब्बांच्या पानावर फक्त एक निळा ढग उरला होता.

मी ते कुणाला सांगितलं नाही. 2019 संपून 2020 लागलं त्या हिवाळ्यात घरोघरी जुने कागद शोधणं सुरू होतं. तेव्हा आपाचा फोन आला. म्हणाली, "भैया, अब्बांनी माझी तारीख लिहून ठेवली होती ना? तो कागद काढून ठेव बरं." मी "हो आपा" म्हणालो आणि फोन ठेवला. आयुष्यात शब्दांची कमतरता मला फार कमी वेळा पडली, तेव्हा पडली. खरं सांगायला मला आठ दिवस लागले. ती रागावली नाही. "जाऊ दे, मी जन्मले एवढं तर खरं ना?" म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढं 2023 साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद बाहेर निघू लागले. आमच्या शेजारचे एक काका त्यांच्या आजोबांचा कागद वाचून घ्यायला माझ्याकडं आले. माझी उर्दू अडखळतच चालते, पण कागद मात्र खणखणीत होता. मी विचारलं, "काका, कशात ठेवला होता?" ते म्हणाले, "कशात म्हणजे? म्हातारीच्या लुगड्याच्या फडक्यात." मला अब्बांचं लाल कापड आठवलं.

आपल्याकडं ही रीत जुनी आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद हजारो रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल हा फारसी शब्द, अर्थ तोंड पुसायचं फडकं. मराठी कारभारानं त्यात अख्खी दौलत बांधली. सुती कापड धूळ अडवतं, पण श्वास अडवत नाही. कागदही आपल्यापरीनं साथ देतो. दौलताबाद ते खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा आहे. तिथला हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा. कापसाचा लांब तंतू टिकतो. वहीचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा; तो आतल्या आम्लानंच पिवळा पडून कुरकुरीत होतो. म्हणून महत्त्वाची नोंद वहीच्या पानावर ठेवू नका.

तर मग पेटी कोणती घ्यावी? पत्र्याची चांगली, पण आतून गंज नसलेली आणि रंग पुरता वाळलेली. लाकडी घ्याल तर वाळवीवर नजर ठेवा. पुठ्ठ्याचा खोका दुकानाच्या रोजच्या बिलांना ठीक. वर्षावर्षाचा वेगळा ठेवा, फार ठासून भरू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा वापरायचाच असेल, तर उन्हाळ्यात, कागद कोरडे असताना बंद करा. पेटी जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतीला चिकटून नको, पत्र्याखाली तर नकोच. कागद कापडात गुंडाळणार असाल तर कापड आधी धुऊन त्याची खळ काढा, कारण खळीला कसर लागते. टाचण्या काढा, त्या गंजतात. रबर काढा, ते आमच्याकडच्या उन्हाळ्यात वितळून कागदाला चिकटतं. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. मूळ दस्ताचं लॅमिनेशन करू नका. उष्णतेनं चिकटलेलं ते आवरण कागदाला इजा न करता पुन्हा निघत नाही.

आता मोबाइल आहे, डिजिलॉकर आहे. 2018पासून डिजिटल सहीचा सातबाराही मिळतो. जरूर घ्या. पण एक भेद लक्षात असू द्या: सरकारी खात्यानं थेट डिजिलॉकरमध्ये दिलेला दाखला वेगळा आणि आपण काढून चढवलेला फोटो वेगळा. फोटो आठवण राखतो, तो मूळ कागदाची जागा घेत नाही. नोंदणी झालेल्या दस्ताची प्रमाणित नक्कल मात्र नोंदणी कार्यालयातून मिळू शकते. ती काढून दुसऱ्या घरी ठेवा.

आणि शेवटचं, जे मला सर्वांत उशिरा कळलं. पेटी आपण बंद करणाऱ्याच्या सोयीनं निवडतो: कुलूप पक्कं आहे ना, चोराला उघडणार नाही ना. खरं तर ती उघडणाऱ्याच्या सोयीनं निवडावी. उघडेल तेव्हा आपण नसू. म्हणून झाकणाच्या आतून यादी चिकटवा: कोणता कागद, कुणाचा, कशाचा. उर्दू-मोडीत असेल तर मराठीत दोन ओळी लिहा. आणि किल्ली कुठं आहे ते घरातल्या बाईमाणसालाही, सासरी गेलेल्या लेकीबहिणीलाही ठाऊक असू द्या. कागद त्यांचेही असतात.

अब्बांची हिरवी पेटी आता पुन्हा विटांवर आहे. मे महिन्यात ती आम्ही अंगणात उघडतो. आपा मुद्दाम येते. एक किल्ली तिच्याकडं असते. तो निळा डाग पडलेला कागदही मी टाकलेला नाही. यादीत त्याच्यापुढं लिहिलं आहे: आपाची जन्मतारीख, अब्बांच्या हातची.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)