लोकांचे बोल, आपल्याच तोंडी

22 जुलै 2021 ची रात्र महाड-पोलादपूरकर विसरलेले नाहीत. तळियेवर, केवनाळ्यावर, साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. महाड शहर पुरात बुडाले. त्यानंतर पाऊस वाढला की छाती धडधडते, झोप लागत नाही, असे कोणी सांगितले तर आपण त्याला नावे ठेवत नाही. कारण आपल्याला माहीत असते.

पण नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया डोळ्यांना दिसेल असे कारण घेऊन येत नाही. मग ‘डोकं फिरलंय’, ‘बाहेरचं आहे’, ‘कामाचा कंटाळा, दुसरं काय’ असे शेरे सुरू होतात. ते ऐकून ऐकून आजारी माणूस स्वतःलाच तसे म्हणू लागतो. मुंबईची नोकरी सुटून गावी आलेला तरुण ‘मला कोण ठेवणार?’ म्हणत एमआयडीसीत अर्जच करत नाही. ओळखीचे कोणी भेटेल म्हणून दवाखाना टाळतो. गोळ्या सुटतात, आजार उलटतो, आणि आपण बिनकामाचे आहोत ही त्याची समजूत आणखी पक्की होते. याला आत्मकलंक म्हणतात. तो आजारापेक्षा वेगळा आहे, आणि तो उतरवता येतो.

मनात ‘मी बिनकामाचा’ आले, की ते कागदावर लिहा. हे पहिल्यांदा कोण म्हणाले, ते आठवा. खाली गेल्या आठवड्यात आपण केलेली कामे लिहा: गुरे सोडली, लावणीला हात लावला, मुलाचा अभ्यास घेतला. आजाराबद्दल गावभर सांगायची गरज नाही. विश्वासाच्या एका माणसाला सांगून सुरुवात करा. बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका.

घरच्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. पाहुण्यांसमोर आजारी माणसाला आत बसवू नये, आणि झेपेल ते काम त्याच्याकडून काढून घेऊ नये.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतक्याच दर्जाच्या उपचारांचा हक्क दिला आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणेही बंधनकारक केले आहे. अलिबागचे जिल्हा रुग्णालय लांब पडते, म्हणून थांबू नका. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. क्रमांक लिहून घ्या, आणि आजच फोन करा.