गुडघ्यातली फाटलेली कूर्चा

कबड्डीत पाय रोवून अंग वळवलं, गुडघ्यात कट्कन आवाज आला आणि रातोरात सूज चढली, तर मेनिस्कस फाटल्याची शंका घ्यावी. प्रत्येक गुडघ्यात चंद्रकोरीच्या आकाराच्या अशा दोन कूर्चा असतात. रक्तपुरवठा त्यांच्या बाहेरच्या कडेलाच. त्यामुळे तिथली फाट टाके घातल्यावर जुळू शकते, आतली सहसा नाही. तरुण खेळाडूची कूर्चा शक्यतो शिवून वाचवतात. मैदानावर परतायला मात्र काही महिने जातात.

पन्नाशीतली गोष्ट निराळी. कूर्चा झिजून फाटते, अनेकांना पत्ताही नसतो. एमआरआयमध्ये फाट दिसली की लगेच दुर्बिणीची शस्त्रक्रिया, ही घाई मला पटत नाही. फिनलंडमध्ये अशा 146 रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांची कूर्चा छाटली, उरलेल्यांवर शस्त्रक्रियेचा नुसता देखावा केला. 2013 साली निष्कर्ष आले: वर्षभराने दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं होतं!

तेव्हा आधी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मांडीचे स्नायू बळकट करा, निदान तीन महिने. उकिडवं बसू नका. पंगतीतही खुर्ची मागा, संकोच कसला? गुडघा मध्येच अडकून सरळ होईनासा झाला, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.