गर्दीतला झेंडा
(संगमेश्वर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चाचा अध्यक्षस्थानी आहेत आणि त्यांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, त्यामुळे वक्ता नाही. पण हिशोब मांडायची सवय आहे. आज एकाच मुद्द्याचा हिशोब मांडतो. डिसेंबरात मोकळ्या मैदानावर आपण जो संगीताचा कार्यक्रम करणार आहोत, कव्वाली, गझल, जाखडी आणि शेवटी आपल्या पोरांचा बँड, त्यात प्रेक्षकांनी झेंडे आणावेत का, हलवावेत का?

मागच्या बैठकीत हा प्रश्न निघाला आणि दोन मिनिटांत आवाज चढले. कुणी म्हणालं, तरुण येणार, झेंडे हलणार, मजा आहे. कुणी म्हणालं, हिरवा आला तर भगवा येईल. आणि एकाने हळूच म्हटलं ते सगळ्यांच्या मनात होतं. आपण मुसलमान आयोजक. आपण ‘झेंडे नकोत’ म्हटलं की उद्या व्हॉट्सअॅपवर ‘तिरंग्याला बंदी’ असं फिरेल. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. तिच्याकडे येतोच. पण आधी सगळे रंग बाजूला ठेवून नुसत्या कापडाबद्दल बोलू.

समजा, मंच वीस मीटर रुंद आहे आणि तुम्ही शंभर मीटर मागे उभे आहात. वीसला शंभरने भागा, उत्तर शून्य दशांश दोन. आता तुमच्यापुढे पाच मीटरवर कुणीतरी एक मीटर रुंदीचा झेंडा डोक्याच्या उंचीला धरला. एकला पाचने भागा. उत्तर तेच. म्हणजे त्या एका कापडाने तुमचा अख्खा मंच झाकला. तिथे तुम्ही नसून तुमची आई असेल, आणि आपल्या आया काही सहा फुटी नसतात.

यावर लगेच उत्तर येतं की काठी उंच ठेवू, म्हणजे मागच्याला त्रास नाही. मीही आधी कागद घेऊन हेच काढलं. मंचाची वरची कड आठ मीटर उंच धरली आणि बघणाऱ्याचे डोळे दीड मीटरवर. तीन मीटर उंचीवर धरलेला झेंडा अगदी मागे उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेत येत नाही, कारण त्याची नजर त्या खालून जाते. पण साधारण पंचवीस मीटर मागे असलेल्या माणसाची मंचाच्या वरच्या भागाकडे जाणारी नजर नेमकी त्या झेंड्यातून जाते. पडदा आणि दिवे त्या वरच्याच भागात असतात. म्हणजे उंच काठीने त्रास संपत नाही, तो झेंडेवाल्याच्या शेजाऱ्यांकडून दूरच्या अनोळखी लोकांकडे जातो. शेजारी निदान ‘भाऊ, जरा खाली घे’ म्हणू शकतो. पंचवीस मीटरवरच्या बाईने कुणाला सांगायचं?

इंग्लंडमध्ये ग्लास्टनबरी नावाचा मोठा संगीत महोत्सव १९७० पासून एका शेतावर भरतो. तिथे लोक लांबलचक काठ्यांवर झेंडे आणतात आणि त्यावरून तिथे वाद होतो. झेंडेवाल्यांची बाजूही खोटी नाही. एवढ्या गर्दीत मित्रांना आपली जागा सापडते, वाऱ्यावर शेकडो रंग हलताना बघून मैदान जिवंत वाटतं. बेल्जियममधल्या टुमॉरोलँडमध्ये तर देशोदेशीचे झेंडे हीच ओळख झाली आहे. मागे उभा असलेला मात्र म्हणतो, मी गाणं बघायला पैसे दिले, तुमचं कापड बघायला नाही. मला हा दुसरा माणूस जास्त पटतो. त्याला दुसरी जागा नाही, झेंडेवाल्याला मित्र शोधायला फोन आहे.

आपल्याकडे झेंडा कमी आहे का? मुळीच नाही. शिमग्यात पालखीबरोबर निशाण असतं. वारीत पताका असतात. दर्ग्यावर उरुसाला निशाण चढतं. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकापुढे ध्वज नाचवतात ते बघण्यासारखं असतं. पण नीट बघा, या प्रत्येक ठिकाणी झेंड्याला जागा ठरलेली आहे आणि माणूस ठरलेला आहे. पताकावाले दिंडीच्या पुढे चालतात. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यांच्या मधोमध कुणी पताका उभी करत नाही. पथकातला ध्वजवाला नाचतो तेव्हा भोवती दोर धरलेला असतो, कारण काठी फिरते. १९५३ पासून पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव चालतो. तिथे बैठकीत कुणी झेंडा फडकवला तर आजूबाजूचे आजोबा त्याला नजरेनेच बसवतील. झेंडा पुढे असतो किंवा बाजूला असतो. गर्दीच्या पोटात तो आपल्या परंपरेतही नाही. म्हणून कुणी मला ‘परंपरेच्या विरुद्ध बोलतोस’ असं म्हणू नये.

आता काठीबद्दल. इथे थोडं थांबतो, कारण हा भाग मजेचा नाही. ९ ऑक्टोबर २०२२ ला उत्तर प्रदेशात बहराईच जिल्ह्यात ईद-ए-मिलादच्या मिरवणुकीत लोखंडी दांडा उच्चदाबाच्या तारेला लागला आणि सहा जण गेले. त्यांत मुलं होती. पुढच्या वर्षी, २९ जुलै २०२३ ला, झारखंडमध्ये बोकारो जिल्ह्यात मोहरमच्या वेळी झेंड्याचा लोखंडी दांडा अकरा हजार व्होल्टच्या तारेला टेकला. चार जण गेले. या बातम्या दोन दिवस चालतात आणि विरतात. त्या घरांत मात्र विरत नाहीत. आपल्या मैदानाच्या कडेने कोणती तार जाते हे आज इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी वर बघून पाहिलंय? मी काल पाहिलं. रस्त्याच्या बाजूने तार आहे आणि तिच्या खालूनच आपलं प्रवेशद्वार ठरलं आहे. झेंडे असोत-नसोत, ते प्रवेशद्वार पलीकडच्या बाजूला न्या. ही सूचना इतिवृत्तात घ्या.

आता रंगांकडे येतो.

हिरवा झेंडा आधी, कारण तो आपल्या घरातला आहे. हिरव्यावर चांद-तारा हा मुसलमानांच्या घरात, दर्ग्यावर, मिलादला दिसतो. तो पाकिस्तानचा झेंडा नाही. पाकिस्तानच्या झेंड्याला काठीच्या बाजूला पांढरा उभा पट्टा असतो. हे आपल्याला माहीत आहे. तरीही २०१८ मध्ये उत्तर प्रदेश शिया वक्फ बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष वसीम रिझवी हे चांद-ताऱ्याच्या हिरव्या झेंड्यांवर बंदी मागायला सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २०१९ मध्ये वायनाडला मुस्लिम लीगचे हिरवे झेंडे दिसले, तो केरळमधला जुना, नोंदणीकृत पक्ष, तरी देशभर ‘पाकिस्तानचे झेंडे’ म्हणून चित्रं फिरली. २०२४ च्या प्रचारात तिथे काँग्रेस आणि लीग दोघांनीही झेंडेच बाहेर काढले नाहीत. माझ्या मते तो माघारीचा निर्णय होता आणि मला तो आवडला नाही. दिवसाउजेडी, आपल्या सभेत, आपला झेंडा लावायचा हक्क कुणी घाबरवून काढून घेऊ नये.

पण संगीताची रात्र ही सभा नव्हे. तिथे लाल दिव्याखाली हिरवं कापड काळं दिसतं, हे शाळेत शिकलेलं भौतिकशास्त्र आहे. त्यात कुणाच्या तरी मोबाइलमधली दहा सेकंदांची थरथरती चित्रफीत. तिथे पांढरा पट्टा आहे की नाही हे सांगायला तुम्ही कुणाकुणाकडे जाणार? आणि मुळात कव्वाली ऐकायला आलेल्याला कोणता झेंडा सिद्ध करायचा आहे? जाखडीत तर शक्तीवाले आणि तुरेवाले अख्खी रात्र एकमेकांवर शब्दांनी चढाई करतात. तिथे सवालाला जवाब द्यावा लागतो. झेंडा हलवणाऱ्याला काहीच द्यावं लागत नाही, म्हणून तो सोपा वाटतो.

भगव्याबद्दल वेगळं बोलत नाही. जे हिरव्याला लागू तेच त्याला, निळ्याला आणि आयपीएलच्या संघालाही.

उरला तिरंगा. इथे लोकांना वाटतं की जितका जास्त हलवला तितका मान जास्त. कायदा काय म्हणतो ते बघा. २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने नवीन जिंदाल यांच्या खटल्यात निकाल दिला की सन्मानाने राष्ट्रध्वज फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हा हक्क तुमचा-माझाही आहे, कुणाच्या परवानगीने मिळालेला नाही. ध्वजसंहिता २००२ ची. तिच्यात असंही आहे की राष्ट्रीय, सांस्कृतिक आणि क्रीडाविषयक महत्त्वाच्या प्रसंगी लोकांनी कागदी झेंडे हलवायला हरकत नाही. पण ते नंतर जमिनीवर टाकायचे नाहीत. झेंडा फाटका नको, जमिनीला लागायला नको, त्यावर काही लिहायला नको, कमरेखाली गुंडाळायला नको. आणि १९७१ च्या कायद्यानुसार अवमान झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता उभ्या, घामाने भिजलेल्या, उड्या मारणाऱ्या गर्दीत या अटी पाळून दाखवा. नोव्हेंबर २०१६ मध्ये मुंबईत बीकेसीच्या मैदानावर कोल्डप्लेच्या ख्रिस मार्टिनने तिरंगा पँटच्या मागे खोचला. त्याचा हेतू प्रेमाचाच होता, पण वाद झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्यात मुंढव्याला एका युक्रेनियन बँडच्या गायिकेने तिरंगा हलवून गर्दीत भिरकावला आणि तिच्यावर गुन्हा दाखल झाला, आयोजकावरही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत कोचेला महोत्सवात दिलजीत दोसांझ गात होता. समोर एक मुलगी तिरंगा घेऊन उभी होती. तो पंजाबीत तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला की ही माझ्या देशाचा झेंडा घेऊन उभी आहे, हे माझ्या देशासाठी, संगीत सगळ्यांचं आहे. लोकांनी त्याचा उलटा अर्थ काढला आणि त्याला खुलासा करावा लागला. २०२५ च्या नोव्हेंबरात काठमांडूत पाकिस्तानी रॅपर तल्हा अंजुमने प्रेक्षकांतून आलेला तिरंगा हातात घेतला, तर त्याच्याच देशात त्याच्यावर आग पाखडली गेली. पुण्याची गोष्ट वेगळी. तिथे झेंडा खरंच भिरकावला. पण बाकी तिघांचा काय गुन्हा? मंचावर झेंडा आला की गाणं मागे पडतं आणि लोक गाणाऱ्याचा हात बघत बसतात.

यात आपल्या मुलांचा प्रश्न आणखी वेगळा आहे, आणि तो स्पष्ट बोलायला हवा. एकदा गर्दीत तिरंगे हलू लागले की न हलवणारा हात मोजला जातो. दाढीवाला हात, हिजाबवालीचा हात आधी मोजला जातो. मग आपलीच पोरं गरज नसताना दोन-दोन झेंडे घेऊन पुढे उभी राहतात. मी हे पाहिलं आहे आणि मला ते बघवत नाही. प्रेम असलेल्या माणसाला पुरावा घेऊन फिरायला लावणं हा त्या झेंड्याचाही अपमान आहे, असं मी मानतो.

म्हणून माझा प्रस्ताव असा. मैदानाच्या मान्य जागी, मंचाच्या बाजूला, संहितेप्रमाणे एकच तिरंगा काठीवर. आकार तीनास दोन, स्वच्छ, न फाटलेला, सर्वांत उंच. २०२२ मधल्या दुरुस्तीनंतर तो रात्रीही ठेवता येतो. सुरुवातीला राष्ट्रगीत, सगळे उभे. ‘तिरंग्याला बंदी’ म्हणणाऱ्याला तेवढं उत्तर पुरे. त्याच्यासाठी नियम बदलू नका. प्रेक्षकांत मात्र कोणत्याही रंगाचा, कोणत्याही संघाचा झेंडा नाही, काठी तर नाहीच. हे आजपासून पासवर, फलकावर, मराठी आणि उर्दूत छापा. दारावर अचानक सांगितलं तर भांडण होतं.

आणि स्वयंसेवकांनो, हे नीट ऐका. कुणाच्याही हातातून झेंडा ओढायचा नाही. तिरंगा तर मुळीच नाही. ओढाओढीत तो खाली पडला तर चूक त्याची नव्हे, तुमची ठरेल, आणि चित्रफितीत तुम्हीच दिसाल. दारापाशी स्वच्छ पांढरी चादर घातलेलं एक टेबल ठेवा. आलेला झेंडा दोन्ही हातांनी घ्यायचा, त्याच्यासमोर नीट घडी घालायची, टोकन द्यायचं, जाताना परत द्यायचा. ‘भाऊ, मागे आजी उभी आहे, तिला दिसू दे,’ एवढं म्हटलं तर दहापैकी नऊ जण ऐकतात. दहावा ऐकला नाही तर त्याला आत सोडा, पण बाजूच्या कडेला उभं करा, जिथे मागे कुणी नसेल. त्याच्यासाठी कार्यक्रम थांबवू नका.

मुंबईच्या लोकांनी २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला, आली तेव्हा आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढली. २०२४ ला आणि २०२५ लाही पुढे ढकलली. कुणी त्यांना जबरदस्ती केली नव्हती. शहराचे रस्ते तेवढेच आहेत, हे त्यांनी ओळखलं. आपलं मैदान त्याहून लहान आहे.

चाचा घड्याळ बघतायत. टेबल माझ्या घरून येईल. टोकन कोण छापणार ते ठरवा, आणि ती तार बघायला उद्या सकाळी दोघं जण माझ्याबरोबर चला. वीज कार्यालयाला अर्ज द्यायचा तर अजून वेळ आहे.