हसू कोणाचे?



विनोदी चित्रपटावर व्याख्यान कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. आम्हांला मात्र वाटते की, समाज कशाला हसतो हे पाहिले म्हणजे तो कशाला बिचकतो हेही कळते.

‘वाइल्डकॅट्स’ हा अमेरिकन चित्रपट १९८६ साली निघाला. दिग्दर्शक मायकेल रिची; नायिका मॉली, ती भूमिका गोल्डी हॉनची. मॉली ही नामांकित फुटबॉल-प्रशिक्षकाची मुलगी. खेळ तिच्या अंगात मुरलेला. पण शाळेने तिच्याकडे सोपविलेल्या असतात मुलींच्या धावण्याच्या शर्यती. अखेर शिकागोतल्या गरीब वस्तीतील एका हायस्कुलाचा संघ तिच्या पदरात पडतो. हा फुटबॉल आपला नव्हे बरे! चेंडू हाती घेऊन धावायचे, शिरस्त्राण घालून एकमेकांना आडवे पाडायचे, असा तो राकट खेळ. मुले बाईंची यथेच्छ टिंगल करतात. तेव्हा त्या पैज लावतात, की धावण्यात कोण टिकते ते पाहू. एकेक धटिंगण दमून बसतो. बाई धावतच राहतात. येथे हसू बाजू बदलते.

पण पुढे घटस्फोटित नवरा दोन्ही मुलींचा ताबा मागू लागतो. का? तर आईचे हे काम! मैदानावर उभ्या असलेल्या पुरुषाला ‘घरी मुलांजवळ कोण आहे?’ असे कोणी विचारले आहे काय? विनोदाच्या पोटात दडलेला काटा तो हाच.

चित्रपटाशी आमचे एक भांडण आहे. मॉलीचा संघ शेवटी जिंकतो. जिंकलाच पाहिजे काय? पुरुष हरला तर तो एकटा हरतो. बाई हरली की ‘बायकांचे हे काम नव्हे’ असा साऱ्या स्त्रीजातीवर निकाल लागतो. २०१० साली वॉशिंग्टनच्या कूलिज हायस्कुलाने नॅटली रँडॉल्फ या विज्ञानशिक्षिकेस मुलांच्या फुटबॉल-संघाची मुख्य प्रशिक्षक नेमले. त्या स्वतः स्त्रियांच्या संघातून हा खेळ खेळलेल्या. तरी त्या नेमणुकीची केवढी बातमी झाली! चित्रपटाला तेव्हा २४ वर्षे लोटली होती.

बाई जिंकली म्हणून टाळ्या वाजविणे सोपे आहे. ती हरेल, आणि लोक इतकेच म्हणतील, ‘आज संघ हरला, पुढच्या सामन्याला पाहू’, तो दिवस आम्हांला पाहावयाचा आहे.