गेटपासून बसथांब्यापर्यंत

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, त्याबद्दल सर्वांचे अभिनंदन. ज्येष्ठ सभासद म्हणून मी जुन्या आठवणी सांगाव्यात अशी समितीची अपेक्षा होती. पण आज मी पुढच्या दिवसांबद्दल बोलणार आहे, आणि विषय आपल्या नेहमीच्या भांडणाचा आहे. पार्किंग!

ताबा मिळाला तेव्हा बहुतेक घरांत एक स्कूटर असायची. आज जागा तेवढीच आहे, गाड्या मात्र मावत नाहीत. पुढच्या वार्षिक सभेत बागेचा कोपरा पार्किंगला द्यायचा ठराव येतो आहे. गाडीवाल्यांना मी नावं ठेवत नाही. माझ्या घरीही गाडी आहे. पण आपण ती का काढतो, हे एकदा विचारू या. बऱ्याचदा कारण एकच असतं : बसथांब्यापर्यंत धड चालत जाता येत नाही.

आपलं पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी आली. ६ मार्च २०२२ ला मेट्रो सुरू झाली. चांगलंच झालं. पण मेट्रो स्टेशनपर्यंतच येते, घरापर्यंत नाही. मधलं अंतर पायीच काढायचं असतं, आणि तिथेच गाडं अडतं. नकाशावर पदपथ दिसतो. पण त्यावर फरशी उचकटली आहे, पावसात कुठे तळं साचतं, रात्री कुठला दिवा बंद असतो, हे नकाशात दिसत नाही. ते आपल्यालाच ठाऊक असतं. म्हणून वाहतुकीचं नियोजन हे फक्त इंजिनिअरांचं काम नाही, ते रहिवाशांचंही आहे.

यासाठी दार उघडं आहे. अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची पद्धत आपल्या महापालिकेनं २००६ पासून सुरू केली. पदपथ, बसथांबा, दिवे अशी आपल्या प्रभागातली कामं सुचवता येतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. पण त्यासाठी आपली माहिती पक्की हवी. बँकेत कर्ज मागणाऱ्याला आम्ही आधी विचारायचो, "कागद कुठे आहेत?" इथेही तेच आहे.

म्हणून माझी तीन कामांची सूचना आहे.

पहिलं, एक आठवडा प्रत्येक घरानं एका कागदावर लिहावं : कोण, कुठे, किती वाजता आणि कशानं गेलं. एकाच वेळी एकाच बाजूला जाणाऱ्या किती गाड्यांत एकेकटा माणूस असतो, ते कळेल. काही जण एकत्र जाऊ शकतील.

दुसरं, एका रविवारी सकाळी आपण गेटपासून थांब्यापर्यंत चालत जाऊ. सोबत काठी टेकणाऱ्या आजी-आजोबांना, बाबागाडीवाल्या आयांना आणि दप्तरवाल्या मुलांना घेऊ. जिथे पाय अडतो तिथे फोटो काढायचा आणि जागा लिहून ठेवायची. मुलांनी नकाशा काढावा. ती हे काम आपल्यापेक्षा चांगलं करतील.

तिसरं, शेजारच्या सोसायट्यांना बरोबर घेऊन एकच अर्ज करू. पोच घेऊ, तिचा क्रमांक नोटीस बोर्डावर लावू आणि दर महिन्याला दोघांनी जाऊन चौकशी करायची. अर्ज देऊन घरी बसलं की फाइलही बसते.

यानं पार्किंग एका रात्रीत सुटणार नाही, हे मला माहीत आहे. पण दोन-चार घरांना दुसऱ्या गाडीची गरज वाटली नाही, तरी तेवढी जागा वाचली. बागेचा कोपरा एकदा सिमेंटखाली गेला की परत मिळत नाही. आणि तिथे बसणाऱ्या आमच्यासारख्यांना जायला दुसरी जागा नाही.

म्हणून सभेला माझी विनंती आहे : ही पाहणी पूर्ण होईपर्यंत तो ठराव पुढे ढकलावा. आकडे समोर आल्यावर बहुमत जे ठरवेल ते मला मान्य असेल. कागद वाटायला आणि गोळा करायला मी स्वतः येईन. जिने चढायला मात्र तरुण मंडळी हवीत! नावं आजच सेक्रेटरींकडे द्यावीत.