मुंगसाची गोष्ट

(यंदाच्या गणेशोत्सवात सिकंदराबाद येथे केलेले भाषण)



मी काही भाषातज्ज्ञ नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि रूळ, स्लीपर, खडी यांतच वीस वर्षे गेली. तरीही मंडळाने आग्रह केला म्हणून, बाप्पांच्या उंदराची आधी क्षमा मागून, मुंगसाची गोष्ट सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या क्वार्टरमागे मुंगूस दिसले. माझी मुलगी ओरडली, "पप्पा, मंगूज!" मी म्हटले, "मुंगूस म्हण." त्यावर ती म्हणाली, "पप्पा, तुमचा इंग्रजी उच्चार चुकतोय."

हसू आले, पण रात्री झोप लागेना. शेवटी शब्दकोश काढला. बहुतेक इंग्रजी कोश 'मंगूज'चे मूळ म्हणून आपल्या मराठी शब्दाकडेच बोट दाखवतात. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात सुरत, मुंबई, जुन्नर असा फिरला. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा शब्द सापडतो. इंग्रजीत 'गूस' म्हणजे हंसासारखा पक्षी. त्याचा मुंगसाशी काडीचाही संबंध नाही. केवळ ऐकायला सारखे म्हणून स्पेलिंग तसे झाले. म्हणूनच अनेकवचन 'मंगूजेस' होते, 'मंगीज' नव्हे. मुलांनो, परीक्षेत लक्षात ठेवा!

दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत ऑफिसात हे सांगितले. शेजारच्या टेबलावरचे तेलुगू सहकारी हसून म्हणाले, "आमच्याकडे मुंगिस म्हणतात." कन्नड मित्र म्हणाला, "आमची मुंगुसी." पुन्हा कोश पाहिला. मराठी शब्दाचे मूळही द्राविडी भाषांत असावे, असे अभ्यासक मानतात. माझी ऐट तिथेच उतरली. पण ज्या गावात पोटापाण्यासाठी आलो, तिथल्या भाषेशी आपले जुनेच नाते निघाले, याचा आनंद झाला.

वॅगनवर मालक रेल्वेचे नाव असते, पण ती देशभर फिरते. शब्दांचेही तसेच. फक्त तो आपल्या घरी परत आला, तर त्याला ओळखणारे कोणीतरी असावे. म्हणून मुलांनो, आज आजीला विचारा: खार, घूस, साळिंदर कशाला म्हणतात? आणि पालकहो, मुलांनी विचारले तर टीव्ही जरा बंद करा.

गणपती बाप्पा मोरया!